नऊ घोडी, एकच घर

टॅमरॅक क्रीक, मोंटाना
सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

प्रिय लिओटा,

सगळ्यात आधी कोण आलं ते विचार. पाहुणे नव्हेत गं, आपली म्हातारी घोडी, मास्तरीण! शनिवारी दुपारी मी पायरीवर बसून बीन्स निवडत होते, मान वर केली तर ही बया फाटकाशी उभी. खोगीर नाही, मोरकी नाही, काही नाही. चर्चहून आलेली बाई किल्लीवाल्याची वाट बघत दारात उभी राहते ना, अगदी तसा चेहरा. दहा मिनिटांनी तंबाखू आला, गळ्यात तुटक्या दोराचं शेपूट. मग पाद्री. तो तर मला बाजूला सारूनच आत घुसला, त्याला दाण्यापुढे बाईमाणूस दिसत नाही. मग त्या दोघी तांबड्या. पाचच्या पाच घोडी घरी आली, आणि ज्यांना भाड्याने दिली होती त्या माणसांचा पत्ता नाही.

माणसं म्हणजे रोलंड आणि ट्वायला हाउक, नॉर्थ डकोटाचे भाऊबहीण. तो साठीला टेकलेला, ती चारेक वर्षांनी लहान, लग्न दोघांनीही केलेलं नाही. एल्क हरणांच्या शिकारीला खिंडीपलीकडे जायचं म्हणून बुधवारी पाच घोडी नेली, दहा दिवसांच्या बोलीवर. अठरा मैल आत! तिथे घोडं नसेल तर माणूस नुसता दोन पायांचा.

तुझा भाऊ एल्विन असता तर नुसतं "हं" म्हणून खोगीर टाकून निघाला असता. मी जंगलखात्याच्या रेंजरला फोन केला. तो म्हणाला, आजी, हवा कोरडी आहे, उद्या दुपारपर्यंत वाट बघा, चालत येतील. मी वाट बघितली. वाट बघताना दालचिनीचे रोल केले. काय करणार, हाताला दुसरं काही सुचत नाही.

आणि आले गं! काल दुपारी आले चालत, दोघांच्या खांद्यावर मोरक्या आणि दोर. रोलंडच्या बुटाचा तळ दोरीने बांधलेला. घोड्यांच्या नाकाला लावायला मी त्यांना व्हिक्सची डबी दिली होती, म्हणजे मांस लादताना रक्ताचा वास येऊन बुजत नाहीत, तर ती सगळी डबी त्याने स्वतःच्या गुडघ्यांना फासलेली! अंगणभर वास. ट्वायलाचं पहिलं वाक्य काय असेल? नमस्कार नाही, पाणी नाही.

"पाचही आली का?"

"आली."

"म्हातारी?"

"ती तर सगळ्यांच्या आधी."

तशी तिने खांद्यावरचे दोर टाकले आणि सरळ पागेत शिरली. एकेकाचा पाय उचलून बघतेय, गुडघ्यावरून हात फिरवतेय. इकडे माझी कॉफी निवतेय. रोलंड टोपी हातात घेऊन उभा, शाळेत उभं केल्यासारखा.

"बाई, चूक आमची आहे. म्हातारीला आम्हीच सोडलं."

"आणि बाकीची?"

"बांधली. चांगली घट्ट."

मी कपाळावर हात मारला. जो येतो त्याला मी निघताना तीनदा सांगते, मास्तरीण बांधा आणि बाकीची मोकळी चरू द्या. ती जागेवर असली की कोणी हलत नाही. ती सुटली की शाळा सुटली! एल्विनने ते नाव उगाच नाही ठेवलं.

"पण किती थकली होती हो ती," ट्वायला आतून ओरडली. "या वयात तिला काय खुंट्याला बांधायचं? आमच्याकडे म्हातारी गाय कधी कुठे जात नाही. तरण्या कालवडीच कुंपण मोडतात."

गाईंची माणसं! जन्मभर दूध काढलं दोघांनी, घोडं कधी पाळलं नाही. अगं गाय चरत बसते, घोडी विचार करते. दोन दिवस थंडी बघितली असेल, आणि म्हणाली असेल, पुरे झालं, घरी दाणे आहेत. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. एक गोळीसुद्धा झाडली नाही बिचाऱ्यांनी.

फोन करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. पेन नवीन आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

तुझी,
ऑरलीना

*

स्पोकॅन
१८ ऑक्टोबर

वहिनी,

पेन नवीन नाही. तू डाव्या हाताने लिहिलं आहेस. चौथीपर्यंतच शिकलीस तरी तुझी अक्षरं उजवीकडे झुकतात, ही सगळी डावीकडे पडली आहेत. पाद्रीने तुला "बाजूला सारलं" म्हणजे काय केलं ते नीट लिही. तीन पानं, आणि तीही डाव्या हाताने! तुझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं, हातालाही नाही की काय?

आता ऐक. दादा फेब्रुवारीत गेला. एप्रिलमध्ये माझ्या टेबलाशी बसून तू म्हणालीस, हा एक शिकारीचा हंगाम करते, मग घोडी विकते आणि तुझ्या शेजारी राहायला येते. माझ्या शेजारची खोली मी एक डिसेंबरपर्यंत धरून ठेवली आहे. त्यानंतर धरता येणार नाही, या वृद्धाश्रमात यादी लागलेली असते. त्र्याहत्तराव्या वर्षी अठरा मैल आतल्या खुळ्यांची वाट बघत बसणं हा काही संसार नाही. ज्यांना कोणतं जनावर बांधायचं आणि कोणतं सोडायचं एवढं कळत नाही, त्यांना तू पाच घोडी दिलीस. उद्या कोणी मेलं म्हणजे?

पहिल्या बर्फाआधी लिलावात पाठव. तरणी चार कामाला जातील. म्हातारी पाच खाटकाच्या ट्रकमध्ये जातील. बाबांच्या वेळेपासून आपल्या घरात असंच आहे आणि कोणी त्याला पाप म्हटलं नाही. असंच असतं.

तुला यायचं नसेल तर तसं सांग. मला फिरवू नकोस.

लिओटा

*

टॅमरॅक क्रीक
शनिवार, २६ ऑक्टोबर

प्रिय लिओटाबाई, नणंदबाई, पोलिसबाई,

पकडलंस. खांद्याचं हाड चिरलंय. पाद्री आत घुसला तेव्हा मी फाटक आणि त्याची बरगडी यांच्या मधे होते. मुद्दाम नाही केलं त्याने. ट्वायलानेच गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. सहा आठवडे हात गळ्यात. डॉक्टर म्हणाला, उचलू नका काही. मी म्हटलं, कॉफीचा कप? तो म्हणाला, तो डाव्याने. गंमतीचा आहे. त्याची आई आपल्या गावचीच निघाली, तिची बहीण म्हणजे ती जिने दोनदा त्याच माणसाशी लग्न केलं. पण ते राहू दे.

हाउक भाऊबहिणीचं सांगते. तुला पत्र टाकलं त्याच सोमवारी ते मास्तरीण आणि चौघांना घेऊन पुन्हा वर गेले, तंबू आणि सामान राहिलं होतं ना. या खेपेला मास्तरीण बांधली, बाकीची सोडली, आणि सगळी शहाण्यासारखी चरत राहिली. बुधवारी परत आले. त्यांचे अजून दिवस उरले होते. मी म्हटलं, जा, शिकार करा. रोलंड म्हणाला, "बाई, तुमच्या फाटकाची बिजागरी बघितलीत का?" आणि बिजागरी करत बसला. मग पन्हळ केली. मग गंजीवरची ताडपत्री. ती पागेत. नऊही जणांना रोज खरारा. हा कोण, हिला काय आवडतं, याच्या कानाला हात लावला तर चालतं का, सगळं विचारून घेतलं. जेवायला बीन्सचं कालवण आणि दालचिनीचे रोल, तीन दिवस तेच, आणि दोघं तीनही दिवस म्हणाले की असं कधी खाल्लं नाही. खोटं होतं. पण किती बरं वाटतं!

एकदा जेवताना मी विचारलं, गाई किती आहेत. दोघांनी ताटात बघितलं. दोन वर्षांपूर्वी सगळ्या विकल्या म्हणे, दुधावर भागेना. नंतर भांडी पुसताना ट्वायला हळूच म्हणाली, "मी अजून पहाटे गोठ्यात जाते. दिवा लावते. बघते. दिवा घालवते आणि परत येते." भावाला माहीत नाही म्हणाली. मग रोलंड लाकडं आणायला गेला तेव्हा मला म्हणतो, "तिला वाटतं मला माहीत नाही."

आता तुला खरं सांगते, रागावू नकोस. या हंगामात मी घोडी भाड्याने देत होते, पण मनातून स्थळं बघत होते. हो, स्थळं! लेकी उजवायच्या असल्यासारखी. जो डोंगरातून परत येई, त्याच्याकडे मी खिडकीतून बघे. हा आधी कॉफीकडे वळतो की खोगिराखालची घोंगडी उचलून पाठ बघतो? सप्टेंबरात तिघं आले, मोठे रुबाबदार, घोड्याच्या गळ्यात गळा घालून फोटो काढले, आणि घोंगडीखाली तंबाखूची पाठ बशीएवढी सोललेली. एकजण आला तो आधी बूट काढून आपल्या टाचा बघत बसला. सबंध हंगामात आधी घोड्याकडे गेलेली ही दोघंच. तीही अठरा मैल चालून, त्याच घोड्यांनी फजिती केल्यावर.

तू विचारतेस, यायचं आहे की नाही. लिओटा, मला यायचं आहे. तुला वाटतं मी हट्टाने बसलेय. हट्ट कसला? खोगीर उचलायचं तर आता आधी त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं बघावं लागतं. थंडीत सकाळी कुऱ्हाडीने टाकीवरचा बर्फ फोडायचा, तो संध्याकाळी पुन्हा तेवढाच. तुझ्याकडे नळ फिरवला की गरम पाणी येतं, मी ते एप्रिलपासून विसरलेली नाही. पण ही नऊ एकमेकांशिवाय कधी राहिलेली नाहीत. मास्तरीण बावीस वर्षं आपल्या दारात आहे. नऊच्या नऊ एका घरी गेली की मी त्याच दिवशी बस धरते.

मग हाउकांना विचारलं का नाहीस, म्हणशील. कसं विचारू? पाहुण्याला जेवायला वाढावं, आपला संसार त्याच्या गळ्यात घालू नये. आपण होऊन म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. त्याच शुक्रवारी गेले. जाताना ट्वायला मास्तरणीच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. "पुढच्या वर्षी येऊ," म्हणाली. सगळेच म्हणतात. रग्बी गावाजवळ राहतात, गोठ्याचं छप्पर लाल आहे, लांबून दिसतं म्हणे.

हात दुखतोय. डावा.

ऑरलीना

*

स्पोकॅन
२ नोव्हेंबर

वहिनी,

स्थळं बघतेस. त्र्याहत्तराव्या वर्षी, मोडक्या खांद्याने, म्हाताऱ्या घोड्यांना. तुझ्याने आता होणार नाही हे तूच लिहिलं आहेस, मग जे करायला हवं ते दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. मी केलं आहे. येत्या शनिवारी, नऊ तारखेला, घरी राहा. एक माणूस येईल.

भांडू नकोस. मलाही भांडायचा कंटाळा आला आहे.

लिओटा

*

टॅमरॅक क्रीक
रविवार, १० नोव्हेंबर

लिओटा,

तुझा माणूस काल आला होता.

चांगला होता बोलायला. तेच वाईट. उर्मट असता तर मी झाडूने हाकलला असता. टोपी काढून आत आला, तुझं नाव सांगितलं, नवऱ्याबद्दल वाईट वाटलं म्हणाला. मग पागेत गेलो. त्याने एकेकाच्या पाठीवरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, तोंड उघडून दात बघितले. मास्तरणीपाशी आला आणि म्हणाला, "नऊशे पौंड भरेल." बावीस वर्षांत मला कधी तिचं वजन माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

मी विचारलं, सगळी एकत्रच राहतील ना? तो म्हणाला, "ट्रकमध्ये, हो."

मला बोलायचं होतं गं. दम नव्हता. सकाळी बर्फ फोडला होता डाव्या हाताने, तासभर लागला. रोलंडने केलेलं फाटक वाऱ्याने सुद्धा हलत नाही, तेवढीच काय ती चांगली गोष्ट. तो कागद पुढे करून उभा राहिला, मी सही केली. डाव्या हाताने केली, ती माझी सही दिसतही नाही. ट्रक पुढच्या शनिवारी, सोळा तारखेला येईल. मी त्याला दालचिनीचा रोल दिला. खाल्ला त्याने. चांगला झालाय म्हणाला.

तुझ्यावर राग नाही. खोली धरून ठेव. खिडकी पूर्वेला आहे की पश्चिमेला ते मी तुला विचारलंच नव्हतं.

ऑरलीना

*

स्पोकॅन
मंगळवार, १२ नोव्हेंबर

मिस ट्वायला हाउक यांस,
रग्बीजवळ, नॉर्थ डकोटा (लाल छपराचा गोठा)

आपली ओळख नाही. पत्ताही पुरता माहीत नाही, तुमच्या पोस्टमनवर भरवसा ठेवते आहे. ऑरलीना स्कार माझी भावजय. तिच्याकडून तुम्ही घोडी नेली होती आणि ती तुमच्या आधी परत आली. मी तुम्हाला पत्रातून खुळे म्हटलं होतं. ते मागे घेते.

मला मागायची सवय नाही, त्यामुळे सरळ लिहिते. तिच्याकडे नऊ घोडी आहेत. चार तरणी, पाच म्हातारी. तिला आता हे सगळं बंद करायचं आहे, पण ती सगळी एका घरी जावीत असं तिच्या मनात आहे. तिने ते तुम्हाला विचारलं नाही. तिच्या मते पाहुण्याला असलं विचारत नाहीत. मी तुमची यजमानीण नाही, म्हणून विचारते. तुमच्या गोठ्यात जागा आहे का?

खाटकाला मी बोलावलं होतं. आज शेजारच्या खोलीतल्या बाईला फोन धरायला लावून मी त्याला येऊ नको सांगितलं. मला ऐकू येत नसल्यामुळे सगळ्या मजल्याला ते ऐकू गेलं.

का बोलावलं आणि का थांबवलं, हे तुम्हाला सांगायचं कारण नाही, तरी सांगते, कारण तुम्ही रोज रिकाम्या गोठ्यात दिवा लावता असं तिने लिहिलं आहे. अकरा वर्षांची असताना मला एक पांढऱ्या पायांची घोडी होती. एके दिवशी सकाळी तिला साखर देऊन शाळेत गेले आणि संध्याकाळी आले तर अंगणात ट्रकच्या चाकांच्या खुणा. जेवताना बाबा म्हणाले, यंदा वैरण कमी आहे, असंच असतं. मी रडले नाही. सगळे बटाटे संपवले. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला, शाबास म्हणाले. त्यानंतर साठ वर्षं मी लोकांना "असंच असतं" हे सांगत आले आहे. आज वहिनीचं पत्र आलं. त्यात तिने त्या माणसाला रोल दिल्याचं लिहिलं होतं. ते वाचलं आणि मला ते बटाटे आठवले.

तुम्हाला जमत नसेल तर तसं एका ओळीत मला कळवा, तिला नको. जमत असेल तर तिला फोन करा आणि मी लिहिलं हे कृपा करून सांगू नका. तुमच्याच मनात आलं असं तिला वाटू दे. म्हातारीला खुंट्याला बांधावं लागतं एवढं तुम्हाला आता माहीत आहेच.

लिओटा स्कार

*

टॅमरॅक क्रीक
सोमवार, १८ नोव्हेंबर

लिओटा, लिओटा, लिओटा!

बसून वाच. उभी असशील तर बस.

आधी शनिवारचं. उजाडल्यापासून एका हाताने नऊ जणांना मोरक्या चढवल्या. तीन तास लागले. तंबाखू मान खाली करून उभा राहिला, आपण होऊन, तो कधी असा वागत नाही, म्हणून मला जास्तच कसंतरी झालं. मग फाटकाशी उभी राहिले. नऊ वाजले, दहा वाजले. बाराला आत येऊन मी त्या माणसाच्या घरी फोन केला. त्याची बायको म्हणाली, "ते रद्द झालं की हो मंगळवारीच! स्पोकॅनहून कोणीतरी बाई ओरडत होती, आमच्या कुत्र्यालासुद्धा ऐकू गेलं. तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?"

सांगितलं नव्हतं कोणी. मी त्यावर काही बोलत नाही. तूही बोलू नकोस. मी परत बाहेर गेले आणि नऊच्या नऊ मोरक्या काढल्या, आणि मग तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसले ती किती वेळ कोणास ठाऊक. मास्तरीण येऊन माझ्या टोपीचा वास घेऊन गेली. मनात एकच, आजचं टळलं, पण उद्या काय? बर्फ तर रोज फोडायचाच आहे.

आणि काल दुपारी फोन! ट्वायला!

आधी हवेचं बोलली. मग खांद्याचं. मग म्हणाली, "रोलंडला काही विचारायचंय." पलीकडे रोलंड म्हणतो, "मला नाही, हिला विचारायचंय." दोघांची ओढाताण ऐकू येतेय. शेवटी तिनेच विचारलं. म्हणाली, आमच्या गोठ्यात चाळीस खण आहेत, चाळीसही रिकामे, वैरण भरपूर आहे, तुमच्या मनात घोडी द्यायची असेल तर आम्ही नेऊ का?

"किती?" मी विचारलं.

"सगळी."

"मास्तरीण तेवीस वर्षांची आहे गं. काम नाही व्हायचं तिच्याच्याने."

तशी रोलंडने फोन हिसकावून घेतला. "बाई, तिला मागे ठेवलं तर बाकीची सहाशे मैल चालत तुमच्याकडे येतील. मग आम्हाला पुन्हा त्यांच्यामागे चालत यावं लागेल. नवे बूट मी अजून आणलेले नाहीत."

अगं मी हसले, आणि हसता हसता खुर्चीवर बसले, आणि बसल्यावर हसू थांबेचना. बघितलंस? तू त्यांना खुळे म्हणालीस! आपण होऊन त्यांच्या मनात आलं, आपण होऊन! मी एक शब्द मागितला नव्हता. चांगल्या माणसाला सांगावं लागत नाही, हे मी एल्विनला लग्नापासून सांगत आले, तो नुसता "हं" म्हणायचा.

ट्वायलाने तुझी चौकशी केली. स्पोकॅनच्या नणंदबाई कशा आहेत म्हणाली. मी म्हटलं, ठणठणीत, फक्त कानांनी कच्ची आणि जिभेने पक्की. ती हसली. "त्यांना एकदा भेटायला आवडेल मला," म्हणाली. मी तुझ्याबद्दल तिच्याजवळ इतकं बोलले होते का? बोलले असेन. मी बोलतेच.

रात्रीची झोप काल दुपारीच लागली, खुर्चीत. उठले तर मान आखडलेली, आणि पहिल्यांदा वाटलं, खोगीर आता कधीच उचलायचं नाहीये. लिओटा, मला वाटलं होतं त्याचं वाईट वाटेल. वाटेलही. पण काल नुसतं असं वाटलं की कोणीतरी ओझं दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं, आणि आपण अजून वाकलेलेच उभे आहोत.

कोणाच्या काय खोडी ते सगळं मी ट्वायलाला वहीत लिहून देतेय. पाद्रीचं पान आज झालं. घोडी गेली की मी एक दिवस घर झाडीन, कोणी काही म्हणू नये म्हणून, आणि सोमवारची बस धरीन. माझ्या खोलीला पडदे आहेत का? नसतील तर मी इथले आणते. फार जड काही आणणार नाही.

तुझी,
ऑरलीना

ता. क. कॅलेंडरवर गोल करून ठेवला, पण डाव्या हाताने तो दोन दिवसांवर पसरला. घोळ नको, म्हणून तूही तुझ्याकडे लिहून ठेव. घोडी न्यायला दोन ट्रेलर घेऊन येतो म्हणाले, खिंडीत बर्फ नसला तर दुपारच्या जेवणाला, असला तरी त्याच दिवशी. शनिवार, २३ नोव्हेंबर.